राहिलेली भाऊबीज

लालबाग, मुंबई
रविवार, ता. २५ नोव्हेंबर १९५६

चि. तुळशीदास यास रखमाताईचे भरभरून आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक आहे असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं, म्हणून मीही लिहिते. तिकडचं क्षेम तुझ्याकडून कळणार नाही हे मी धरूनच चालले आहे. गावाला जाऊन तुला तीन आठवडे होत आले, पोचल्याचं साधं कार्ड नाही. शेवटी शांतीने पोस्टातल्या मास्तरांकडून दोन ओळी लिहून घेतल्या, तेव्हा कळलं की बोटीत तुम्हा नवराबायकोला काही त्रास झाला नाही, आईचे गुडघे जरा बरे आहेत, आणि तू जेवतोस पण बोलत नाहीस. म्हणजे प्रकृती उत्तम आहे. लहानपणी फणसाचा एक गरा वाटणीत कमी आला तरी तू असाच दोन दोन दिवस तोंड मिटून बसायचास.

हे पत्र मी स्वतःच्या हाताने लिहिते आहे. तुझ्या भावोजींना सांगितलेलं नाही. अक्षर वाकडं दिसलं तर मला हसू नकोस, मास्तर तूच होतास. नाक्यावरच्या फळ्यावर सकाळच्या बातम्या लिहून झाल्या की खालच्या कोपऱ्यात तू माझ्यासाठी एक अक्षर काढायचास, आणि मी गिरणीतून सुटून येईपर्यंत ते कुणाला पुसू द्यायचा नाहीस. चाळिशीला आलेली बाई फळ्यासमोर उभी राहून हवेत बोट फिरवते म्हणून सगळा नाका हसायचा. तू हसला नाहीस कधी. तेवढ्यासाठी तुझे बाकीचे गुन्हे मी पोटात घालत आले आहे.

तुझा फळा सध्या कुशाबा लिहितो. त्याची ओळ डावीकडे जमिनीवर सुरू होते आणि उजवीकडे आभाळात जाते. परवा त्याने ‘सुएझ’ लिहायला घेतलं तर ‘झ’ला जागाच उरली नाही, तो खालच्या ओळीत ‘साखरेचा भाव’ याच्या शेजारी जाऊन बसला. लोक वाचतात आणि विचारतात, तुळशीदास कधी येणार? तुझे भावोजी हल्ली तिथून लांबून जातात, पण जाताना फळ्याकडे बघितल्याशिवाय राहत नाहीत.

बातम्या विचारशील तर सगळ्या परदेशच्याच आहेत. आमच्या चाळीत हल्ली मीठ-मिरचीची गोष्टसुद्धा इजिप्तवरून सुरू होते. इंग्रज आणि फ्रेंच तिथं का शिरले यावर गॅलरीत रोज सभा भरते. कुणी म्हणतं कालव्यासाठी, कुणी म्हणतं तेलासाठी, कुणी म्हणतं नुसती गुर्मी जिरत नाही म्हणून. डंखाच्या यंत्रावर मसाला कांडणारी आपली गंगुबाई, तिचा नवरा बोटीवर खलाशी आहे ना, त्याची बोट आता आफ्रिकेला वळसा घालून येणार. ती ठसक्यात म्हणाली, “इंग्रज घर सोडून गेलो, पण चावी मात्र कंबरेकच लावलेली!” मला ते पटलं. वर हे लोक जगाला सांगतात की तिथं दोघे भांडत होते, आम्ही सोडवायला आलो. भांडण सोडवायला आलेला माणूस जाताना घरातला हंडा उचलून नेतो का रे?

त्याचा चटका आम्हालाही बसतो आहे. आमच्या वाइंडिंग खात्यात बारीक सूत इजिप्तच्या कापसाचं. मुकादम परवापासून सांगत फिरतो आहे, कालवा बुजला, कापूस अडकला, बायका कमी कराव्या लागतील. मी त्याला विचारलं, “मेल्या, कालवा तिकडे बुजलो, तर आमच्या पोटार कित्याक?” तो म्हणाला, ते मालकाला विचार. मालकाला विचारायला तू असतास तर बरं झालं असतं. गिरणीत तुझ्या साच्यांवर कापड विणायला बदलीवाला उभा आहे, हेही लक्षात ठेव. तो मनापासून काम करतो, ही वाईट बातमी.

एवढ्यावर पत्र संपवणार होते.

पण तुळशी, त्या दिवसाबद्दल न लिहिता पाकीट चिकटवलं तर मला झोप लागणार नाही. मी पाट मांडला होता. भोवती रांगोळी काढली होती. तू टोपी घालून बसलास, हिंदमातावरून आणलेलं लुगड्याचं पुडकं मांडीजवळ ठेवलंस, आणि मी करंजी मोडून तुझ्या तोंडात घातली तर म्हणालास, “साखर कमी आसा, ताई सुधारली.” मी निरांजन पेटवायला वळले आणि खालच्या इराण्याचा रेडिओ मोठा झाला. रशियाची फौज हंगेरीच्या राजधानीत शिरली. तुझे भावोजी खिडकीशी होते. ते एवढंच म्हणाले, “अरे, लोकांवर रणगाडे घातले.” आणि तू पाटावरून म्हणालास, “लोक खंयचे भावोजी,” आणि पुढचा शब्द.

तो शब्द मी इथे लिहीत नाही. जानेवारीपासून आपल्या घरात तो कुणी उच्चारलेला नाही, आणि का ते तुला माहीत आहे.

तू माझ्याकडे बघितलंस, भिंतीवरच्या तसबिरीकडे बघितलंस. त्या वेळी नुसतं “ताई” म्हणाला असतास तरी भागलं असतं. पण तू उठलास, वहाणा घातल्यास आणि जिना उतरलास. शांती बिचारी हातातली वाटी खाली ठेवून तुझ्यामागे धावली. माझ्या हातात पेटलेलं निरांजन. गंगुबाई दारातून म्हणाली, “रखमा, दिवो विझवू नको, चंद्राक ओवाळ.” मी तिला म्हटलं, ज्यांना भाऊ नाही त्यांनी चंद्राला ओवाळावं. माझ्या भावाच्या वहाणा अजून जिन्यावर वाजतायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोच शब्द तू फळ्यावर लिहिलास, हातभर मोठा. तुझ्या हट्टापुढे मी हात टेकले. दुपारी तो शब्द पुसलेला दिसला, तेव्हा तू भर नाक्यात भावोजींवर ओरडलास, फितूर म्हणालास. तुझ्यासारखाच लाल बावट्याखाली वीस वर्षं चाललेला माणूस. त्यांनी टोपी नीट केली आणि वर येऊन हातपाय धुतले. कोणी पुसलं याचा निवाडा तू उभ्या उभ्या करून टाकलास, कुणाला विचारलं नाहीस.

लुगडं तसंच पुडक्यात आहे. ओवाळल्याशिवाय ओवाळणी घ्यायची नसते, म्हणून दोरा सोडला नाही.

आईला माझा नमस्कार सांग. शांतीला आशीर्वाद. थंडीत उघड्यावर झोपू नकोस, खोकला लगेच धरतो तुला.

तुझी ताई,
रखमा


मिठबाव, ता. देवगड
१२ डिसेंबर १९५६

ती. सौ. रखमाताईस साष्टांग नमस्कार.

पत्र पोचलं. आईला वाचून दाखवलं, काही ओळी गाळून. ती विचारत होती की रखमा एवढं मोठं पत्र लिहिते, मग तुझ्याशी भांडली कशाला? मी म्हटलं, ती भांडली नाही, आम्ही भांडलो.

अक्षर चांगलं आहे. ‘क्ष’ अजून पोट सुटल्यासारखा काढतेस.

आता भावोजींना माझं म्हणणं सांग, कारण नाक्यावर मला ते नीट सांगता आलं नाही, मी नुसता ओरडलो. हंगेरी हा देश मागच्या लढाईत हिटलरच्या बाजूने लढला होता. तिथले जमीनदार आणि सरदार अजून मेलेले नाहीत, बाहेर बसून वाट बघतायत. त्यांना परत यायचं आहे. तिथं युनियनवाल्यांना आणि पार्टीवाल्यांना दिव्याच्या खांबांना टांगलं, हे इंग्रजी पेपरांतही आलं आहे. आणि ज्या आठवड्यात इंग्रज-फ्रेंच इजिप्तवर बाँब टाकतात, त्याच आठवड्यात हंगेरी पेटते, हा काय योगायोग म्हणायचा? रशिया गप्प बसला असता तर उद्या त्याच्या उंबऱ्यावर तोफा लागल्या असत्या. वर तिथल्याच सरकारने बोलावलं म्हणून फौज गेली. इजिप्तने इंग्रजांना बोलावलं नव्हतं. एवढा फरक भावोजींसारख्या माणसाला कळू नये याचं मला वाईट वाटतं.

फळा पुसणाऱ्याचा राग मात्र माझ्या मनातून जात नाही. पोलिसाने पुसला तर समजू शकतो. जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी उठलेल्या लोकांवर सरकारने गोळीबार केला, तेव्हा पोलिसांनी तो फळा तोडायचासुद्धा प्रयत्न केला, तेव्हा मी आणि भावोजी दोघे त्याला पाठ लावून उभे होतो. त्याच भावोजींनी माझ्या अक्षरावर हात फिरवावा, हे मला सहन झालं नाही. म्हणून इथे आलो.

शांती म्हणते, हे सगळं लिहिलंत, आता खरं ते लिहा.

खरं ते असं की तो शब्द तोंडातून गेला त्याच क्षणी मी तो परत घ्यायला तयार होतो. पण भावोजी समोर होते, आणि माघार घेतली असती तर त्यांचं खरं ठरलं असतं. भिंतीवरच्या तसबिरीत धोंडू हसत होता, तुझ्या हातात निरांजन होतं. मला पाटावर बसवेना. दुसऱ्या दिवशी तोच शब्द फळ्यावर का लिहिला ते मलाही सांगता येत नाही. खोटं बोललेला माणूस पुन्हा पुन्हा तेच मोठ्याने बोलतो ना, तसं काहीसं असेल.

ताई, मी रशिया बघितलेला नाही. मरेपर्यंत बघणारही नाही. पण साच्यांवर बारा बारा तास उभं राहताना एवढंच मनाशी होतं की जगात एक तरी जागा आहे जिथं राज्य आपल्यासारख्यांचं आहे. धोंडूला मी तेच सांगायचो. त्याच्या हातात पहिला बावटा मी दिला. जानेवारीत तो गेला, तेव्हा मी मनाशी म्हटलं, मोठ्या कामासाठी गेला. आता भावोजी म्हणतात की त्या राज्यानेही कामगारांवरच गोळ्या घातल्या. हे जर खरं असेल तर मी धोंडूला काय सांगू? तुला तोंड कसं दाखवू?

मी येत नाही. साचे जातात तर जाऊ देत. इथे आंब्याच्या बागेत राखणीचं काम मिळेल.

कुशाबाला सांग, आधी दोरी धरून रेघ मारायची, मग लिहायचं. आणि खडू आदल्या दिवशी पाण्यात बुडवून वाळवला तर अक्षर लवकर पुसलं जात नाही.

तुझा आज्ञाधारक भाऊ,
तुळशीदास


लालबाग, मुंबई
रविवार, ता. ३० डिसेंबर १९५६

माझ्या वेड्या तुळशी,
तुला आणि शांतीला आशीर्वाद, आईच्या पायावर डोकं.

आज्ञाधारक म्हणे! उभ्या जन्मात माझी एक आज्ञा पाळली असशील तर दाखव. तुझं पत्र मी तीनदा वाचलं. एकदा एकटीने, एकदा गंगुबाईला, आणि एकदा तुझ्या भावोजींना. हो, त्यांना सांगितलं. ते विडी ओढत ऐकत होते. तू रशियाच्या उंबऱ्यापर्यंत आलास तेव्हा म्हणाले, “हुशार आहे, पण बुडापेस्टच्या गिरण्या आणि कारखाने रणगाडे शिरल्यावरही महिनाभर बंद होते, ते कुणी बंद केले? जमीनदारांनी? संप कोण करतो हे तुळशीला मी सांगायचं?” मग तू शेवटी जे लिहिलंस ते मी वाचलं. तेव्हा ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

आधी इकडच्या बातम्या. बाबासाहेब गेले ते तुला तिकडे कळलंच असेल. दुसऱ्या दिवशी खात्यात कुणाचं कामात लक्ष नव्हतं, नंतर कुणी राहिलंच नाही. माझ्या शेजारी बसणारी राधाबाई, तिच्या घरचे सगळे दादरच्या चौपाटीकडे चालत निघाले होते. ती निघताना नाक्यावर आली आणि म्हणाली, “फळा कोरा कशापायी? लिहा ना कुणीतरी, मोठ्या अक्षरात.” कुशाबाला रेघच जमेना. तू नव्हतास. मग मी खडू घेतला. तुळशी, त्या फळ्यावर मी पहिल्यांदा लिहिलं ते असं. राधाबाई समोर उभी राहून एकेक अक्षर बघत होती. तिला वाचता येत नाही, पण नाव तिने ओळखलं आणि हात जोडले.

इंग्रज-फ्रेंच परत गेले म्हणतात. बुडवलेली जहाजं मात्र कालव्यातच पडून आहेत, ती काढायला किती दिवस लागतील कुणाला ठाऊक नाही. आपले शिपाईसुद्धा तिथं भांडण सोडवायला गेले आहेत. ते तरी हंडा न उचलता परत येवोत. आमच्या खात्यातल्या बायकांना अर्धे दिवस घरी बसवलं होतं, त्यावर आम्ही सगळ्याजणी मिळून मुकादमाच्या टेबलाभोवती जाऊन नुसत्या उभ्या राहिलो, काही बोललो नाही. तो घाबरला. आता पाळी लावून काम देतायत. हे तुझ्या युनियनच्या पुस्तकात नसेल, पण चाललं.

आता ऐक. फळा भावोजींनी पुसला नाही. मी पुसला.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी, पाळीला जाताना माझ्या हातात पाण्याचा तांब्या होता. फळ्यासमोर आले आणि वाचलं. अक्षर ओळखता येत नसतं तर पुढे निघून गेले असते. पण तूच शिकवलंस. पदर भिजवला आणि तेवढा एक शब्द पुसला, बाकी तुझी ओळ तशीच ठेवली. कुशाबाने बघितलं, चहावाल्याने बघितलं, कुणी तोंड उघडलं नाही. भावोजींना पदरावरच्या खडूवरून कळलं. तू त्यांच्यावर ओरडत होतास तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं. मी नंतर विचारलं, तुम्ही सांगितलं का नाही? म्हणाले, “तुळशी माझ्यावर रागावला तर चार दिवसांनी विडी मागायला येईल. तुझ्यावर रागावला तर त्याने जायचं कुठं?” अशा माणसाला तू फितूर म्हणालास. आलास की आधी त्यांच्या पाया पड, मग माझ्याशी बोल.

मी तुझा फळा का पुसला, हे तुला विचारायचं असेल तर स्वतःलाच विचार. जानेवारीत त्या गोळीबारानंतर पेपरात सरकारचं म्हणणं आलं, मेले ते गुंड होते. बघ, लिहिला मी तो शब्द. आम्ही दोघे इस्पितळाच्या दारात बसलो होतो. मला काही समजत नव्हतं, कुणी पाणी देत होतं ते प्यायचं की हात धुवायचे तेही कळत नव्हतं. आणि तू तिथून उठून नाक्यावर गेलास आणि फळ्यावर लिहिलंस: धोंडू दत्ताराम परब. बदली कामगार. गुंड नव्हता. दिवसभर फळ्याला पाठ लावून उभा राहिलास, तुझे भावोजी नंतर येऊन तुझ्या शेजारी उभे राहिले. संध्याकाळी मला धरून नेलं तिथं. मी अडखळत, एकेक अक्षर जोडत, आयुष्यात पहिल्यांदा फळ्यावरची पुरी ओळ वाचली ती ही. माझ्या लेकाला सरकारने ठेवलेलं नाव तू त्या दिवशी पुसलंस. नोव्हेंबरात मी तेच केलं. तुझंच बघून केलं.

तू म्हणतोस तिथल्या सरकारने बोलावलं म्हणून फौज गेली. बोलावलेल्या पाहुण्याला रणगाडा आणावा लागतो का? पण ते राहू दे. रशियाच्या मनात काय होतं ते मला कळत नाही, इंग्रजांच्या मनातलंही अर्धंच कळतं. तुझं बरोबर की ह्यांचं बरोबर ते तुम्ही दोघे जन्मभर भांडा, मी चहा करून देईन. दिव्याच्या खांबांना टांगले त्यांनाही आया असतील, मी नाही म्हणत नाही. मला एवढंच कळतं की जो कुणी दुसऱ्याच्या रस्त्यावर बंदूक घेऊन शिरतो, त्याला आधी मेलेल्याचं नाव बदलावं लागतं. नाहीतर त्याच्याच शिपायांना रात्री झोप यायची नाही. त्या कामाला तुझा हात लागू नये. तिकडे बुडापेस्टात कुणी बाई फळ्यासमोर उभी असेल, तिलाही नुकतंच वाचायला शिकवलं असेल तिच्या भावाने.

आणि तू विचारतोस, धोंडूला काय सांगू. काही सांगू नकोस. तो रशियासाठी गेला नाही. दुपारची पाळी सुटून घरी येत होता. मी सुकटीचं कालवण केलं होतं, त्याला आवडायचं. नाक्यावर माणसं जमलेली बघून थांबला, कारण तिथं मामाचा फळा होता आणि मामाने काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय तो कधी घरी आला नाही. लोक म्हणतात महाराष्ट्रासाठी गेला. म्हणू देत, मला ऐकून बरं वाटतं. पण त्याला कुणी नेलं नाही, तुळशी. तू तर नाहीच नेलंस. हे मला वर्षभर तुला सांगायचं होतं. तू समोर आलास की तू पोळ्या जास्त खातोस असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. मला त्याचं नाव घेववत नव्हतं. पहिली दोन पोरं पाळण्यातच गेली म्हणून ह्याचं नाव आपल्या आईने धोंडू ठेवलं, कुणाची दृष्ट लागू नये, देवानेही दगड समजून सोडून द्यावा. एकोणीस वर्षं त्याने सोडला. तुझ्या पत्रात ते नाव तू सरळ लिहिलंस, आणि माझ्यासमोर ते नाव कुणीच घेत नाही असं माझ्या लक्षात आलं. सगळे मला जपतायत. मला जपू नका रे, त्याचं नाव घ्या.

पुढच्या महिन्यात वर्ष होतं. चाळीचे लोक नाक्यावर तसबिरी मांडणार आहेत, हार घालणार आहेत, आणि गेलेल्या सगळ्यांची नावं फळ्यावर लिहायची ठरली आहेत. कुशाबा माझ्याकडे विचारायला आला होता. मी सांगितलं, बाकीची तू लिही, आधी दोरी धरून रेघ मार. खडूही आत्तापासून पाण्यातून काढून वाळत घातला आहे. पण एक ओळ कोरी सोड. माझ्या लेकाचं नाव आभाळात चढत गेलेलं मला चालणार नाही. ते त्याच्या मामाच्या हाताने, सरळ ओळीत लिहिलेलं पाहिजे, गेल्या वर्षीसारखं. तू आला नाहीस तर मी लिहीन, मला आता येतं. पण लिहून झाल्यावर फळ्याला पाठ लावून उभं राहायला मला कुणीतरी लागेल, आणि तुझे भावोजी एका बाजूलाच उभे राहू शकतात.

आंब्याच्या राखणीचं डोक्यातून काढ. तुला झाडाखाली झोप लागते, आंबे चोर नेतील. बोटीने ये, धक्क्यावर भावोजी घ्यायला येतील, ते स्वतःच म्हणालेत. शांतीला घेऊन ये. आईकडून थोडं कुळथाचं पीठ आण.

भाऊबीज गेली म्हणून काय झालं? निरांजन घासून ठेवलं आहे, वात घातली आहे, पाट भिंतीला टेकून ठेवला आहे. तू दारात आलास की आधी ओवाळीन. मग पुडक्याचा दोरा सोडीन आणि ते लुगडं नेसून तुझ्याबरोबर नाक्यावर येईन.

चंद्राला मी अजून ओवाळलेलं नाही, आणि ओवाळणार नाही.

तुझी ताई,
आणि धोंडूची आई